वळचणीचे पोपडे काढून रंगकाम करून देणारी सेवा: दोन वर्षांनी लिहिलेला अभिप्राय

रंगकामाचे अभिप्राय बहुतेक लोक काम संपल्या संपल्या लिहून टाकतात. त्या दिवशी कुणाचाही रंग चांगलाच दिसतो, त्यात त्याचं काय कौतुक! म्हणून मी मुद्दाम थांबले. आता काम होऊन दोन वर्षं उलटलीत, भरपूर ऊनपाऊस त्या फळ्यांनी अंगावर घेतलाय. परवा शिडी लावून सगळीकडे हात फिरवून पाहिला आणि मग लिहायला बसले.

आमच्या घराला उतरतं छप्पर आहे आणि वळचण चांगली दीड-दोन फूट बाहेर आलेली आहे. खालच्या अंगाला लाकडी फळ्या, वाशांच्या टोकांवर एक लांब उभी फळी आणि तिला लागून पन्हळ. भिंतींचा रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण वळचणीचा कधी टिकला नाही. पोपड्याचं टोक नखाने उचकटलं की हातभर पट्टा सरळ निघून यायचा आणि खाली राखाडी पडलेलं लाकूड दिसायचं. आधीच्या ठेकेदाराने त्यावर वरवर पॉलिश पेपर फिरवला आणि दोन हात मारून दिले. वर्षभरात त्याचे दोन हात जुन्या थरांना सोबत घेऊन खाली उतरले.

हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे अंदाजपत्रक मी रंगाच्या नमुनापत्रापेक्षा जास्त आवडीने वाचते. इतरांच्या कागदावर कामाची एकच ओळ होती, ‘वळचण घासून रंगवणे’, आणि खाली रंग किती भारीतला वापरणार याचं वर्णन. या मंडळींच्या कागदावर रंगाचा नंबर अगदी शेवटी लागत होता. त्याआधी पन्हळ तपासणे, लाकूड टोचून पाहणे, खरवडणे, धुणे, सुकू देणे, ओलावा मोजणे, कुजकी फळी बदलणे आणि अस्तर (म्हणजे प्राइमर), अशा वेगवेगळ्या ओळी. मजुरीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग ब्रश हातात घेण्याआधीच संपत होता. ज्याला आपला वेळ कुठे जाणार हे आधी लिहून देता येतं, त्याने ते काम खरोखर केलेलं असतं, हा माझा धंद्यातला अनुभव. मी त्यांनाच होकार कळवला.

मुख्य मिस्त्री पाहणीला आले तेव्हा मी रंगाचा विषय काढला. ते म्हणाले, “ताई, रंगाचं नंतर बघू. पाणी कुठून येतंय ते आधी सापडू दे.” मग नळी घेऊन वर चढले आणि पन्हळीत पाणी सोडलं. पन्हळीचा उतार मधेच उलटा झाला होता. पाणी तिथे साचायचं आणि समोरून न सांडता मागच्या काठावरून उभ्या फळीच्या पाठीमागे उतरायचं. त्या फळीच्या पाठीला कधी रंग लागलेलाच नव्हता. पाठीमागून प्यायलेलं पाणी उन्हात पुढून बाहेर पडणार, आणि पुढे असतो आपला रंग. तो सुटणार नाही तर काय करणार?

दुसरी जागा न्हाणीघराच्या वरची. इथे पन्हळ ठीक होती, पण खालच्या फळ्यांवर फोड आलेले. मिस्त्रींनी एक फोड पात्याने कापून उघडला आणि मला शिडीवर बोलावून आत बघायला लावलं. आत कोरं लाकूड होतं. “आत लाकूड दिसलं तर पाणी मागून आलंय असं समजायचं. आत जुना रंग दिसला असता, तर वरचाच थर उन्हाने किंवा मळाने सुटला म्हटलं असतं,” असं ते म्हणाले. एक फळी काढल्यावर कारण सापडलं. न्हाणीघरातली दमट हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची नळी थेट बाहेर न काढता वळचणीच्या पोकळीत सोडून दिलेली होती. रोजची सगळी वाफ फळ्यांच्या पाठीवर. ती नळी भिंतीतून बाहेर काढायला वेगळा माणूस लागला, पण ते होईपर्यंत यांनी त्या भागाला हात लावला नाही. हे मला फार आवडलं.

तिसरा प्रकार सगळ्यात चमत्कारिक. वळचणीच्या मधल्या पट्ट्यात पाण्याचा मागमूसही नव्हता, तरी वरचा रंग मोठ्या पापुद्र्यांत निघत होता आणि खाली जुना रंग गुळगुळीत, शाबूत. याचं उत्तर असं की भिंतीवर पाऊस पडतो आणि धूळ, क्षार धुऊन नेतो. वळचणीच्या खालच्या अंगाला पाऊस कधी लागतच नाही, तिथे सगळं साठत राहतं. त्या थरावर नवा रंग दिला की तो धरतो धुळीला, लाकडाला नाही. मला आधी ही सबब वाटली. मग शोधून वाचलं, तर अमेरिकेत मॅडिसन इथे लाकडावर संशोधन करणारी जी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या मार्गदर्शनातही वळचणीखालच्या आडोशाच्या जागा रंगाआधी नीट धुवायलाच सांगितलंय. म्हणजे एकाच वळचणीला तीन दुखणी होती आणि आजवर सगळ्यांनी तिन्हींवर एकच औषध दिलं होतं, वरून आणखी एक हात.

खरवडण्याआधी त्यांनी शिशाची तपासणी केली. घर जुनं आहे. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली, बऱ्याच देशांत ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, तेव्हा जुन्या घराच्या तळच्या थरांत शिसं असणार हे धरूनच चालावं. पात्याने लाकडापर्यंत तिरकी खाच पाडून सगळे थर उघडे केले आणि मग शिसं ओळखणारी कांडी घासली. फक्त वरचा थर घासून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आमची कांडी लालसर झाली, म्हणजे शिसं होतं. त्यानंतर कोरडं घासणं पूर्ण बंद. फवाऱ्याने पाणी मारत मारत खरवडायचं, खाली जाड ताडपत्री, तोंडावर साधा कापडी नव्हे तर धुळीसाठीचा खरा मास्क आणि संध्याकाळी ताडपत्री आतल्या बाजूने गुंडाळून बाहेर. खिडक्या बंद ठेवायला आम्हाला दर सकाळी आठवण करायचे. पहिल्यांदा बरं वाटलं, नंतर जरा जाच झाला, पण घरात लहान मूल आहे म्हटल्यावर तक्रार कोण करणार!

गरम हवेच्या बंदुकीने हे काम लवकर होईल असं मी सुचवून पाहिलं. मिस्त्रींनी साफ नकार दिला. वळचणीच्या पोकळीत पक्ष्यांची जुनी घरटी, जाळी, वाळकी पानं साठलेली असतात. फटीतून आत गेलेली उष्णता तिथे धुमसत राहते आणि माणसं घरी गेल्यावर पेट घेते. शिवाय रंग फार तापला, साधारण सहाशे अंश सेल्सिअसच्या वर गेला, की शिशाची वाफ होते. फळी काढली तेव्हा आतून खरंच एक आख्खं घरटं निघालं, गवताचं, ठणठणीत कोरडं. पुढे मी तो विषय काढला नाही.

खरवडायला त्यांनी जे हत्यार वापरलं त्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. नेहमीचा ढकलायचा पत्रा नव्हता. लांब दांड्याचा, आपल्याकडे ओढायचा स्क्रेपर, पातं टंगस्टन कार्बाइडचं. दोन्ही हातांनी दाबून लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढला की ओल्या रंगाची गुंडाळी होऊन खाली पडते आणि लाकडाला चरे पडत नाहीत. डोक्यावरच्या फळीला खालून ढकलण्यापेक्षा ओढणं खांद्याला किती सोपं, ते मी पाच मिनिटं करून पाहिलं. पाच मिनिटंच. ही माणसं दिवसभर मान वर करून ते करतात.

सगळा जुना रंग मात्र त्यांनी काढला नाही, आणि काढायची गरजही नव्हती. जिथे तो घट्ट वाटला तिथे पात्याने फुलीसारखी चीर पाडली, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. पट्टीला रंग चिकटून आला तर तो भाग खरवडायचा, पट्टी कोरी आली तर ठेवायचा. मग जुन्या रंगाची कड ओल्या पॉलिश पेपरने इतकी पातळ करायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. मी बोट फिरवलं. दर्शनी बाजूला खरोखर लागली नाही, मागच्या अंगणाकडे दोन-चार ठिकाणी लागली. दाखवल्यावर तोंड वाकडं न करता पुन्हा केली.

धुणं साध्या साबणाच्या पाण्याने. काळे डाग होते तिथे आधी ब्लीचचा एक थेंब टाकून बघितला. डाग फिका पडला, म्हणजे बुरशी. तसाच राहिला असता तर नुसता मळ. बुरशीच्या जागी पातळ केलेलं ब्लीच लावलं, त्याआधी साबणाच्या बाटलीवर अमोनिया लिहिलेला नाही ना हे वाचून घेतलं, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. मग भरपूर पाण्याने धुतलं आणि सगळे चक्क निघून गेले. लाकडातला ओलावा पंधरा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत कुणी फिरकलं नाही, फक्त एक पोरगा येऊन मीटर टोचून आकडे लिहून न्यायचा. शेजारीपाजारी विचारत, काम अर्धवट टाकून पळाले का?

सुकल्यावर मात्र घाई. कोरं घासलेलं लाकूड उन्हात पडून राहिलं तर वरचे तंतू मरतात आणि रंगाची पकड जाते, म्हणून दोन आठवड्यांच्या आत अस्तर लागलंच पाहिजे. कोऱ्या लाकडावर तेलाचं अस्तर, त्यानंतर खिळ्यांच्या खड्ड्यांत लांबी (म्हणजे पुट्टी), वर ॲक्रिलिकचे दोन हात. लांबी अस्तराच्या आधी भरली तर कोरं लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती भुसभुशीत होऊन पडते. कोपऱ्यातली एक फळी टोच्या आत जाईल इतकी कुजली होती. तिच्या जागी आणलेल्या नव्या फळीला बसवण्याआधी सहाही अंगांनी अस्तर दिलं, कापलेल्या टोकांना तर दोनदा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकातूनच पितं. रंग देताना ऊन सरकेल तसं सावलीच्या बाजूने सरकायचे आणि दव पडायच्या बरंच आधी ब्रश धुवायचे.

आता तक्रारी. वळचणीखाली हवा खेळण्यासाठी जाळीची भोकं आहेत. मदतनीस पोराने एका बाजूच्या जाळ्या रंगाने पार बुजवल्या. हे साधं नाही. हवा कोंडली की ओलावा कोंडतो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा सुरू. तारेच्या ब्रशने मोकळ्या करून दिल्या, पण मी बोट दाखवल्यावर. दुसरं, शिडी थेट पन्हळीला टेकवली. पन्हळीला पोचा आला तो आजही आहे. परांची बांधणार असं तोंडी म्हणाले होते, कागदावर नव्हतं, आणि मागच्या बाजूला ती बांधलीच नाही. तिसरं, उभ्या फळीच्या एका जोडातलं भरण पहिल्याच वर्षी फाटलं. ते मोफत दुरुस्त करून दिलं हे खरं, पण त्यासाठी इतके फोन करावे लागले की मी शेवटी तारखा लिहून ठेवायला लागले. काम घेण्याआधी फोन पहिल्या घंटेला उचलत होते.

परवा मी स्वतः चिकटपट्टी घेऊन चढले. न्हाणीघरावरच्या फळ्यांवर पट्टी कोरी, पन्हळीखालच्या उभ्या फळीवर कोरी, मधल्या पट्ट्यात कोरी. फाटलेला जोड पुन्हा भरलाय तिथे केसाएवढी रेघ दिसते, पाणी जाईल इतकी नाही. वर्षातून एकदा मी खालचं अंग मऊ ब्रशने धुऊन घेते आणि पानगळ झाली की पन्हळ साफ करते, हे सांगायला हवं, कारण सगळं श्रेय त्यांना दिलं तर हिशेब चुकेल.

कार्यक्रम तोंडावर आलाय, चार दिवसांत घर चकाचक हवंय, अशांनी या लोकांच्या वाटेला जाऊ नये. दोघांनाही त्रास होईल. वळचण सिमेंटची असेल तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही, तिथलं दुखणं वेगळं. लाकडी वळचण असेल, दर थोड्या वर्षांनी पोपडे येत असतील आणि कारण कुणी शोधलंच नसेल, तर जरूर बोलवा. मात्र परांची आणि जाळ्या झाकणं या दोन गोष्टी अंदाजपत्रकात लिहून घ्या, आणि कामानंतरच्या तक्रारीला किती दिवसांत येणार तेही.

पाचापैकी चार तारे. पन्हळीचा पोचा मी सोडून दिलाय, कापलेला तारा फोनचा आहे.