बोर्ड घराबाहेर गेला आणि तोच परत आला

आमच्या वॉशिंग मशीनचं दार लॉक होत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीपायी माझे 6,850 रुपये गेले आणि मशीन होतं तसंच राहिलं. मी शिकवते त्या शाळेत सहज विषय निघाला तर आणखी दोघींच्या घरी थोड्याफार फरकाने असंच घडलेलं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. लांबलं तरी वाचा, घरात फ्रंट लोड मशीन असेल तर नक्कीच.

गोष्ट गेल्या जुलैतली. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. मिस्टर नोकरीला पुण्यात, शनिवारी रात्री येतात. घरात मी, सासूबाई आणि नववीतला मुलगा. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती, अजिंक्यतारा ढगात गेला होता तो दिसायलाच तयार नव्हता. अशा दिवसांत मशीनने कपडे घट्ट पिळून दिले नाहीत तर शाळेचा गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही, ही इथल्या प्रत्येक घरातली कथा.

बुधवारी सकाळी कपडे भरले, पावडर घातली, दार लावून बटण दाबलं. दाराचा नेहमीचा 'टक' आवाज आलाच नाही. पडद्यावर डीई अशी दोन अक्षरं लुकलुकायला लागली. दार उघडून परत लावलं, जोरात लावलं, गुडघ्याने दाबून धरलं. काही उपयोग नाही. शाळेची वेळ झाली होती. मोबाईलवर कंपनीचं नाव आणि पुढे 'सर्व्हिस सेंटर सातारा' एवढं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. त्या नंबरच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. ते माझ्या लक्षातच आलं नाही. कंपनीचा खरा टोल फ्री नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला होता आणि ते कार्ड तिथून चार हात लांब कपाटात होतं.

फोनवर एक मुलगी हिंदीत बोलली. सुरुवातच कंपनीचं नाव घेऊन केली, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. दुपारी तीनला माणूस आला. तिशीचा, निळा टी-शर्ट, पाठीवर बॅग. टी-शर्टवर कंपनीचं नाव नव्हतं, ओळखपत्र मी मागितलं नाही.

आता इथे नीट लक्ष द्या. मी त्याला सांगितलं की दार लॉक होत नाही. तो दाराजवळ गेलाच नाही. दाराचा हूक बघितला नाही, ज्या खाचेत तो हूक जातो तिथे बोट घातलं नाही, दार हलवून पाहिलं नाही. सरळ मशीनचं वरचं झाकण खोललं, वायरी उपटल्या आणि बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बाहेर काढला. त्यालाच पीसीबी म्हणतात. बोर्डवर पिवळसर डाग होता, त्यावर टॉर्च मारून म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेलीय. पाणी गेलंय आत. पावसाळ्यात रोज चार-चार बघतो मी असल्या." नवीन साडेआठ हजाराला, पण जुनी एक्स्चेंजमध्ये दिली तर 5,900. शिवाय व्हिजिटचे 450 आणि सर्व्हिसचे 500. आता 3,000 भरा, बाकीचे बसवल्यावर. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्यातरी एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणाला, कंपनीचं खातं आज डाऊन आहे.

बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो निघाला. सासूबाई सोफ्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तो मशीनचा तुकडा घेऊन चाललाय. काही लिहून घेतलंस का?" मी म्हटलं, "आई, कंपनीचा माणूस आहे." हे वाक्य मला अजून बोचतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, मी रोज पन्नास मुलांना शिकवते, आणि विचारायला पाहिजे होता तो प्रश्न त्यांनी विचारला.

शुक्रवारी तो परत आला. 'नवीन' बोर्ड बसवला, दार दोन-तीनदा धाडकन आपटलं, टक आवाज आला, ड्रम फिरायला लागला. मला हायसं वाटलं. उरलेले 3,850 दिले. वर दोन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, 2,999 ला घ्या म्हणून मागे लागला, ती मात्र मिस्टरांना विचारून सांगते म्हणून टाळली.

नऊ दिवसांनी परत डीई.

त्या नंबरवर पहिल्या दिवशी नुसती रिंग गेली. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, ही वेगळी कंप्लेंट आहे, व्हिजिटचे 450 परत लागतील. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

शाळेतल्या एका बाईंनी करंजे भागातल्या एका वयस्कर मेकॅनिकचा नंबर दिला. रविवारी ते आले, मिस्टरही घरी होते. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिलं काम काय केलं, तर प्लग काढला. मग उघडं दार खालून दोन बोटांनी वर उचलून पाहिलं. म्हणाले, "ताई, बिजागरी खचली की दार खाली येतं आणि हूक खाचेत बसत नाही. पोरं दारावर जोर देतात, ओल्या कपड्यांची बादली त्यावर टेकवतात, त्यानं होतं असं. तुमची चांगली आहे." मग हूक बघितला, झिजला नव्हता. खाचेतून साबणाचा थर आणि लोकरीचा बारीक गोळा निघाला, तो साफ केला. मशीन लावून कान देऊन ऐकलं. टक नाही. परत प्लग काढून ते दाराच्या रबराकडे वळले.

रबराच्या कडेला तारेचं एक कडं असतं. ते स्क्रूड्रायव्हरने अलगद काढलं, रबर एका बाजूने सोडवलं, समोरचे दोन स्क्रू काढले आणि आतून हात घालून कुलूप बाहेर घेतलं. काडेपेटीहून थोडं मोठं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं. इतकी वर्षं मला वाटत होतं दार फ्रिजसारखं नुसतं चिकटतं. काकांनी कुलपाची खालची पट्टी उचकटून दाखवली. आत जुन्या चार आण्याएवढी एक काळी चकती आणि तिला टेकलेली वाकडी पट्टी. आपण बटण दाबलं की बोर्डाकडून चकतीला वीज जाते, चकती तापते, त्या उष्णतेने दोन धातूंची पट्टी वाकते आणि खिट्टी पुढे सरकते, तोच टक आवाज. खिट्टी सरकली की आतला संपर्क जुळतो आणि दार बंद आहे हे बोर्डाला कळतं, त्याशिवाय तो मोटर चालूच करत नाही. धुणं झाल्यावर चकती निवायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, म्हणून मशीन थांबल्या थांबल्या दार उघडत नाही. काही नव्या मशीनमध्ये चकतीऐवजी कॉईलची खिट्टी असते, पण काम तेच.

आमच्या कुलपात चकतीला टेकणारी स्प्रिंग काळी पडून वितळल्यासारखी झाली होती. काकांनी मल्टीमीटर, म्हणजे विजेचं मोजमाप करायच्या यंत्राच्या, दोन्ही पिना लावल्या. चांगल्या कुलपात काही शे ते हजार-दीड हजार ओहम दाखवायला पाहिजे म्हणाले, इथे काहीच दाखवेना. त्यांनी कुलूप टेबलावर आपटलं, क्षणभर आकडा आला आणि गेला. "दार आपटलं की स्प्रिंग टेकते, मग चार दिवस चालतं," ते म्हणाले. माझे नऊ दिवस असे चालले होते.

आणि बोर्ड? मिस्टरांनी विचारलं, नवीन बोर्ड तरी नीट आहे ना? काकांनी वरचं झाकण काढलं आणि बोर्ड जागेवरच मला दाखवला. बोर्डाच्या प्लॅस्टिकच्या पेटीच्या कोपऱ्यात साबणाची पावडर थिजून दगडासारखी झाली होती. तिचा अर्धा थर पेटीवर आणि अर्धा मशीनच्या पत्र्यावर होता, मधली भेगेची रेघ या बाजूची त्या बाजूला अगदी बरोबर जुळत होती. पेटीवरच्या स्टिकरवर 2019 साल होतं, आमचं मशीनही 2019 चंच. वरचा पिवळसर डाग म्हणजे पाण्याचा डाग नव्हेच, बोर्डाला ओल लागू नये म्हणून कारखान्यातच ओतलेला लाखेसारखा थर. आमचाच बोर्ड दोन दिवस त्या माणसाच्या बॅगेत फिरून परत आमच्याच मशीनमध्ये आला होता, आणि त्याचे मी 5,900 रुपये दिले होते.

नवीन कुलूप 750 रुपये, मजुरी 300. अर्ध्या तासाचं काम. मी विचारलं, कुलूप न बदलता डायरेक्ट वायर जोडून चालत नाही का? कारण तसंही करून देणारे असतात असं ऐकलं होतं. काका चिडलेच. पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो, अशा वेळी दार उघडलं आणि एखाद्या लेकराने हात घातला तर हात राहणार नाही. कुलूप त्यासाठीच आहे, ते कुणालाही डायरेक्ट करू देऊ नका म्हणाले.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, ते आमच्या बिघाडाच्या उलटं आहे पण उपयोगी आहे. दार लागत नाही हा एक प्रकार, उघडत नाही हा दुसरा. उघडत नसेल तर बहुतेक वेळा आत पाणी राहिलेलं असतं, आणि पाणी राहण्याचं कारण खालच्या छोट्या झाकणामागचा फिल्टर. त्यात नाणी, सेफ्टी पिना, मुलांच्या खिशातले खडू सापडतात. प्लग काढून, पाणी गरम असेल तर निवू देऊन, खाली परात लावून फिल्टर हळू सोडवायचा. पुष्कळ मशीनला तिथेच आत दार मोकळं करायची एक दोरी किंवा पट्टी असते. याही बिघाडाला पीसीबी गेली म्हणून सांगणारे आहेतच.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्या पहिल्या माणसाने दिलेलं बिल घेऊन पोवई नाक्याला गेले. बिलावर तिथला पत्ता होता. भर पावसात दोन चकरा मारल्या. त्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाले, महिन्याभरात तुम्ही तिसऱ्या. मग तिथेच छत्री खाली ठेवून बिल पहिल्यांदा नीट वाचलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, तो सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. माझ्या बिलावरच्या नंबरात चौदाच अक्षरं होती.

त्याच रात्री नवीन नंबरवरून फोन आला. एक गृहस्थ, अतिशय गोड बोलणं. मॅडम, तुमची तक्रार समजली, पूर्ण रक्कम परत करतो, फक्त एक ॲप घ्या म्हणजे मला तुमचा स्क्रीन दिसेल, मग यूपीआय उघडून पिन टाका. पैसे परत मिळणार या आनंदात मी ॲप शोधायलाही लागले होते. मुलगा शेजारी अभ्यास करत होता. तो म्हणाला, "मम्मी, पैसे यायला पिन लागत नाही. पैसे द्यायलाच पिन लागतो." मी फोन ठेवला. हात थरथरत होते. त्या खात्यात सासूबाईंची पेन्शनही जमा होते. पिन टाकून पैसे गेलेच, तर एक मिनिट न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करायचा असतो, हे आता आमच्या फ्रिजवर लिहून चिकटवलंय.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायचीही सक्ती नाही. अडचण एकच, समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे आहे एक क्यूआरवरचं नाव, एक खोटं बिल आणि दोन फोन नंबर. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवला असता तर आज हातात काहीतरी असतं.

माझ्या दोन्ही जावांना, बहिणीला आणि शाळेतल्या सगळ्यांना मी एकच गोष्ट करायला सांगते आहे. कुठलाही पार्ट दुरुस्तीला घराबाहेर जाणार असेल तर आधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, स्टिकरवरचा नंबर टिपून घ्या आणि कोपऱ्यात मार्करने स्वतःची सही करा. त्या माणसासमोरच करा. पार्ट बदलला तर जुना परत मागा, एक्स्चेंज म्हटलं तरी आधी हातात घेऊन बघा. आमचं जळकं कुलूप काकांनी न मागता माझ्या हातात ठेवलं. ते मी डब्यात ठेवलंय, कुणी आलं की उघडून दाखवते.

मोबाईलवरच्या नकाशात त्यांची जी नोंद होती ती खोटी आहे म्हणून मी कळवलं, मुलानेही कळवलं, झेरॉक्सवाल्यांनीही. आठवड्याने ती नोंद गेली. काल परत तेच शब्द टाकून बघितलं. सगळ्यात वर तेच नाव आहे, पत्ता पोवई नाक्याचाच, फोन नंबर तेवढा नवीन.