पल्सरला बसवलेला एलईडी बल्ब : तीन महिन्यांचा अनुभव

माझ्या जुन्या पल्सर १५० मध्ये मूळचा १२ व्होल्ट, ३५/३५ वॅटचा एचएस-वन हॅलोजन बल्ब होता. वाईहून पाचगणीला रात्री जाताना पसरणी घाटात त्याचा उजेड अपुरा वाटे, म्हणून साडेसहाशे रुपयांचा, मागे छोटा पंखा असलेला एलईडी बल्ब मागवून घरीच बसवला.

बसवणे अवघड नाही. हेडलाइट सोडवून मागचे रबरी टोपण आणि स्प्रिंग क्लिप काढली की जुना बल्ब हातात येतो. मात्र पंख्यामुळे टोपण नीट बसेना, ते कापावे लागले, आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत बाष्प धरले.

त्याहून मोठा दोष प्रकाशाच्या रचनेत आहे. हॅलोजन बल्बमध्ये लो बीमच्या, म्हणजे खाली, जवळच्या रस्त्यावर पडणाऱ्या झोताच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. या एलईडीच्या प्रकाश देणाऱ्या चकत्या त्या तारेच्या नेमक्या जागी बसत नाहीत, आणि बल्ब किंचित फिरला तरी सगळा झोत विस्कटतो. भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिले, तर हॅलोजनच्या उजेडाची वरची कड दाखवणारी स्पष्ट आडवी रेघ एलईडीला कुठेच दिसत नव्हती. उजेड पांढराशुभ्र होता खरा, पण तो झाडांच्या फांद्यांवर अधिक आणि रस्त्यावर कमी पडत होता. लो बीमवर असूनही समोरून येणारे सतत डिपर देत होते, आणि त्यांचा राग रास्त होता. धुक्यात तर समोर नुसता पांढरा पडदा उभा राहत असे.

अखेर मूळच्याच क्षमतेचा, चांगल्या प्रतीचा नवा हॅलोजन बल्ब आणि नवे टोपण बसवले, पिवळी पडलेली बाहेरची काच पॉलिश करून घेतली आणि झोताची उंची जुळवली. एवढ्यानेच घाटातली बरीचशी तक्रार मिटली. ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब कडा घासून बसवण्याचा सल्लाही मिळाला होता, पण दीडपटीहून अधिक भार मूळ वायरिंग आणि स्विचवर टाकणे मला पटले नाही.

हॅलोजन बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. मी तो कोऱ्या टिश्यू पेपरात धरून बसवला.