क्लस्टरसाठी एकच सॅन की सर्व्हरमधल्याच डिस्क?

फोंड्यातल्या आमच्या कारखान्यात बिलिंगसाठी दोन सर्व्हरचा फेलओव्हर क्लस्टर (एक पडला की दुसरा काम उचलतो अशी जोडी) लावायचा होता. अडलं स्टोरेजवर.

सॅन, म्हणजे दोन्ही सर्व्हरना जोडलेली डिस्कची वेगळी पेटी, घेतलं तर डेटा एकाच जागी. एक सर्व्हर पडला की दुसरा तीच डिस्क ताब्यात घेतो. सांभाळायला सोपं. पण ती पेटीच बंद पडली तर दोन्ही सर्व्हर धडधाकट असूनही काम ठप्प! म्हणून पेटीत दोन कंट्रोलर, दोन स्विच आणि मल्टिपाथ (पेटीपर्यंत एकाहून जास्त वाटा) हवंच. जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की माझा जीव त्या पेटीत अडकतो.

दुसरा पर्याय सर्व्हरमधल्याच डिस्कचा: स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट. हे विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये आलं. डिस्क सर्व्हरच्या आतच, डेटाची प्रत दोन्हीकडे. मात्र डेटासेंटर आवृत्तीचं लायसन्स लागतं आणि दोन सर्व्हरना जोडणारं नेटवर्क किमान १० गिगाबिटचं.

विटनेस, म्हणजे दोन सर्व्हरखेरीज मत देणारा तिसरा साक्षीदार, मात्र दोन्ही पर्यायांत ठेवाच. दोन सर्व्हरमधली केबल सुटली तर काम कोणी चालवायचं याचं बहुमत ठरवायला तिसरं मत हवं.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. चाचणीला मी चालू सर्व्हरची वायरच उपटली. बिलाची स्क्रीन थोडा वेळ गोठली, मग पुढचं बिल निघालं.