घाट उतरताना: न्यूट्रल की गिअर?

मांजरसुंब्याहून बीडकडे घाट लागला की आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात. 'फुकटात उतरतंय की!' जुन्या जीपवर शिकलेल्या माणसाची ही सवय लवकर सुटत नाही.

हिशेब मात्र उलटा आहे. छोट्या कॉमन रेल (म्हणजे संगणकाच्या हुकुमानं डिझेल फवारणाऱ्या) डिझेल गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्या, डिझेल सोडणंच थांबवतात. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून ते डिझेल पितं, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास. रक्कम किरकोळ, पण वाचत काहीच नाही. वर वेग आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पकड सुटते. चावीच बंद करणाऱ्यांबद्दल काय बोलावं? तिथं ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

न्यूट्रलची बाजू एकाच ठिकाणी जड आहे. अगदी हलक्या उतारावर गिअरमध्ये गाडी अडखळते, न्यूट्रलमध्ये लांब घरंगळते. पण तिथंही मी वरचा गिअर ठेवून पाय अगदी हलका ठेवतो.

खरी बचत घाट संपल्यावर, सपाट रस्त्यावर आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त.