बॅटरीच्या खोक्यात कडाप्पा

गेल्या मे महिन्यात आमचे चार लाख दहा हजार रुपये पाण्यात गेले. ज्याने फसवलं त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण कसं फसवलं, ते मात्र जराही हातचं न राखता सांगते. पिकअप घ्यायची, मागच्या हौद्यावर कॅनोपी म्हणजे बंद टप, टेंट, फ्रिज बसवायचा आणि हिमाचल-लडाखला निघायचं, ही हौस आता आपल्याकडे बरीच दिसते. आणि ही कामं करून देणाऱ्यांच्या शेडमध्ये नेमकं काय बघायचं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. मला तरी अजिबात ठाऊक नव्हतं.

आम्ही नाशिकचे. नवऱ्याला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, त्यामुळे लांबचा प्रवास म्हटला की प्रत्येक मुक्कामी पहिला प्रश्न फ्रिजचाच. हॉटेलात रात्री मेन स्विच बंद करतात. असं दोनदा झाल्यावर ठरवलं, आपल्याच गाडीत आपला फ्रिज हवा. जुनी इसुझू व्ही-क्रॉस चांगल्या अवस्थेत मिळाली. जूनमध्ये स्पितीला जायचं ठरलं.

काम करणारा पुण्याजवळचा. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहूनच आम्ही त्याच्याकडे गेलो. हायवेलगत पत्र्याची मोठी शेड, दारात दोन तयार गाड्या उभ्या. माणूस बोलायला अतिशय गोड. "ताई, गाडी तुमची असली तरी काम माझ्या घरचं समजून करणार," हे त्याचं पहिलंच वाक्य. आमच्या देखत एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावून दिला, त्या गृहस्थांनी पाच मिनिटं तोंडभरून कौतुक केलं. तो नंबर मी नंतर कितीदा लावला, कधी उचललाच गेला नाही.

एकूण ठरले ४ लाख ६५ हजार. त्यात ॲल्युमिनियमची कॅनोपी, तिच्यावर टेंट, हौद्यात दोन ड्रॉवर, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, गाडी चालताना ती चार्ज करणारा चार्जर, ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, पाण्याची टाकी आणि मागे वजन पेलणारे स्प्रिंगचे नवे पाटे. सगळं मिळून गाडीवर १८० किलो वाढेल, असं त्याने वहीत लिहून दाखवलं. अडीच लाख बँकेतून दिले. पुढच्या १ लाख ६० हजारांच्या वेळी म्हणाला, "पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागेल. रोख दिलेत तर तेवढे तुमचे वाचतील." आम्ही रोख दिले. ही चूक आमची आहे आणि तिचे चटके अजून बसताहेत. उरलेल्या ५५ हजारांबद्दल म्हणाला, "स्पिती करून या, समाधान झालं तर द्या." पैसे मागे ठेवणारा माणूस फसवेल असं कुणाला वाटेल? त्या एका वाक्याने आमच्या मनात उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

काम दीड महिना चाललं. त्या काळात मी दोनदा पुण्याला गेले. पहिल्यांदा "आत रंगाचं काम चालू आहे, वास सहन होणार नाही," म्हणून बाहेर खुर्ची टाकून चहा दिला. दुसऱ्यांदा गेले तर प्लायवर गालिचा चिकटवून झाला होता. म्हटलं, वायरिंग बघायचं होतं. तर म्हणाला, "आता उखडलं तर फिनिशिंग जाईल, फोटो पाठवतो." फोटो आले, आणि सुंदर आले: जाड लाल वायर, फ्यूज, सगळं क्लिपांत बसवलेलं. पुढे महिन्याभराने लेकीने तेच फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की फोटोतल्या हौद्याला काळं प्लॅस्टिकचं अस्तर आहे. आमच्या गाडीला ते कधीच नव्हतं.

गाडी हातात देताना त्याने बॅटरीचा मीटर दाखवला. १३.२ व्होल्ट. "फुल आहे ताई." आकडा खरा होता, तरीही त्यात फसवणूक होती, आणि हे नीट समजून घ्या. लिथियम फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज ती बरीच रिकामी होईपर्यंत जवळपास तसाच राहतो. शिवाय बॅटरी २० अँपिअर-अवरची असो की २००ची, मीटरवर आकडा तोच दिसणार. व्होल्टवरून बॅटरी मोठी आहे की लहान, हे कळतच नाही.

२२ मेला आम्ही निघालो. धुळे, शिरपूर करत बिजासन घाटाला लागलो, तेव्हाच मागून प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायला लागला. नवरा म्हणाला, नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू. संध्याकाळी महेश्वरला पोचलो, नर्मदेकाठच्या एका लॉजच्या आवारात परवानगी घेऊन टेंट उघडला. घाटावरून वारा येत होता. आठ वाजता फ्रिज आणि दोन पंखे सुरू केले. त्या रात्री मी खरंच सुखी होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा इन्सुलिनची काळजी नव्हती.

पहाटे चारला पंखे थांबले. मला जाग आली ती घामाने. खाली उतरून पाहिलं तर फ्रिजचा दिवा बंद. हिशोब साधा आहे: फ्रिज आणि पंखे मिळून साठ-सत्तर वॅट, आठ तासांत जेमतेम ५०० वॅट-अवर. २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत अडीच हजारांहून जास्त असतात. गाडी चालू केली, चार्जरचा दिवा लागला आणि पाच मिनिटांत जळका वास यायला लागला. नवऱ्याने झटकन इंजिन बंद केलं. इन्सुलिनच्या कुप्या मी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि आम्ही उजाडायच्या आत इंदूरची वाट धरली. तिथे माझी मावशी राहते. तिच्या फ्रिजमध्ये कुप्या ठेवल्या तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला.

मावशीच्या ओळखीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आला. वयस्कर माणूस, तिसऱ्या पिढीपासून इंदूरकर मराठी. त्याने मला प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली, म्हणून मी आज हे लिहू शकते.

आधी त्याने प्लाय उचकटला. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरचं प्लॅस्टिक वितळून दुसऱ्या वायरला चिकटलं होतं. त्याने वायरचा तुकडा कापला आणि ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आतून पांढरी धातू निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीत ते तांब्यापेक्षा कमी करंट पेलतं, तापतं. ठरलेली जाडीही नव्हती. बॅटरीजवळ फ्यूज शोधला, तर तोही नव्हता. "बाई, वरती टेंटात झोपला होतात ना?" एवढंच तो म्हणाला. मी मटकन खालीच बसले.

मग बॅटरी चार्ज करून त्याने तिला हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब जोडले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. २०० अँपिअर-अवरची असेल तर हे दोन बल्ब वीस तासांहून जास्त जळायला हवेत. साडेचार तासांच्या आत विझले. ही तपासणी कुणालाही करता येते, तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

शेवटी आम्ही खोका उघडला. मोबाइलवर चित्रण करतच उघडला, हे लेकीचं डोकं. आत सौर पथदिव्यांत वापरतात तसे जाड नळकांड्यांसारखे २८ सेल. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, थर्माकोलमध्ये गुंडाळून, दोन काळे दगड. मी हात लावल्याबरोबर ओळखले. कडाप्पा. आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याला आहे तोच, एका कडेला घासून गुळगुळीत केलेला. उचलणाऱ्याला बॅटरी वजनदार वाटावी म्हणून घातलेला. शून्याखाली सेल चार्ज होऊ नयेत म्हणून आत हीटर बसवलाय, असं तो पुण्याजवळचा माणूस आम्हाला सांगत होता. हीटरही नव्हता. स्पितीच्या थंडीत ही बॅटरी घेऊन आम्ही काय केलं असतं, कोण जाणे.

बाकीचं थोडक्यात सांगते. लेकीने मावशीच्या फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट कॅनोपीला लावून पाहिलं, ते घट्ट चिकटलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. कॅनोपी साध्या पत्र्याची होती, वर पावडर कोटिंग. वजनकाट्यावर गाडी लावली तर १८० ऐवजी ३९० किलो वाढले होते. आणि नवे म्हणून पैसे घेतलेले पाटे जुनेच होते, वरून काळा रंग मारून. घाटातला आवाज त्यांचाच होता.

स्पिती राहिली. गाडी रिकामी करून आम्ही परत आलो.

आता कायद्याचं, कारण इथे मला सगळ्यात उशिरा जाग आली. "आमचं काम आरटीओ अप्रूव्ह्ड आहे," असं तो सांगायचा, लेटरहेडवर लिहूनही दिलं होतं. त्या कागदाला काडीचीही किंमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही गाडीच्या मालकाला. म्हणजे आम्हाला. गाडी पेटली असती तर विमा कंपनीने पहिलं हेच विचारलं असतं. काय काय बसवणार आहात ते एका कागदावर लिहून आपल्या आरटीओत आधी द्या आणि उत्तर लेखी घ्या. करून देणाऱ्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका.

तक्रारीसाठी मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग वकिलामार्फत नोटीस पाठवली. तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालावे लागतील, ही माझी भीती चुकीची होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा "जाऊ दे" म्हणत बसू नका. बँकेतून दिलेल्या अडीच लाखांचा पुरावा पक्का आहे. रोख दिलेल्या रकमेसाठी माझ्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज आहे, "ताई, १.६० मिळाले, थँक्यू." तो मेसेज आणि ज्या फोनवर तो आहे तो फोन मी डोळ्यांत तेल घालून जपते आहे.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला. "ताई, घरातलं भांडण घरातच मिटवू. पन्नास हजार देतो, तक्रार नाही असं लिहून द्या." मी दिलं नाही. ज्या माणसाने माझ्या नवऱ्याच्या औषधाखाली दगड ठेवले, त्याला तसं लिहून द्यायला माझा हात धजावणार नाही.

त्याची कॅनोपी आणि टेंट आता गाडीवरून उतरवून ठेवले आहेत. हौद्यात फक्त फ्रिज आणि नवी बॅटरी. नवं वायरिंग नाशिकमध्येच एका इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. तीन दिवस मी स्टूल टाकून तिथे बसले होते. प्रत्येक वायर कापल्यावर टोक खरवडून बघितलं, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवून घेतला, आणि प्लायचं झाकण हाताने फिरवायच्या स्क्रूवर ठेवलं, गालिचा न चिकटवता. बॅटरी घेताना दुकानातच बल्ब लावून पूर्ण दिवस तपासली, मगच पैसे दिले, पक्क्या बिलावर.

कडाप्प्याचे ते दोन तुकडे वकिलांनी जपून ठेवायला सांगितले आहेत. माळ्यावर पोत्यात बांधलेत, तारखेची चिठ्ठी लावून. पुढच्या सुनावणीला घेऊन जायचे आहेत.