ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या : कोरड्या साठवणीसाठी उत्तम, सरसकट नव्हे

फ्रिज नसताना तांदूळ, डाळी आणि पास्ता एकदम आणून महिनोन्‌महिने टिकवायचे असतील, तर ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या छोट्या पुड्या हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे, असे वापरानंतर मी म्हणू शकतो. पुडीतील लोखंडाची भुकटी गंजते, हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन त्यात खर्ची पडतो आणि धान्यातील किडे गुदमरून मरतात. मात्र डबा खरोखर हवाबंद नसेल, तर पुडी लवकरच निकामी होते (साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही हवा झिरपते, हे मला उशिरा उमगले). पांढरा तांदूळ उत्तम टिकला. कोंड्यासकट असलेल्या तांदळात तेलाचा अंश असल्याने त्याला अखेर खवट वास आलाच. साखरेत पुडी घालू नये, साखरेचा दगड होतो. ओलसर पदार्थात तर मुळीच नको, कारण बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जीवाणू ऑक्सिजनविनाच वाढून विष तयार करतात. पाकीट फोडल्यावर उरलेल्या पुड्या तत्काळ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवाव्या लागतात आणि नेमकी हीच सूचना पाकिटावर भिंगाने वाचावी इतक्या बारीक अक्षरांत छापलेली आहे.