मनी वसे, की मेंदू रचे?

लालबागच्या चाळीत आजी म्हणायची, "मनी वसे ते स्वप्नी दिसे." मनोविश्लेषक फ्रॉइडचं म्हणणंही त्याच वाटेवरचं: दडपलेली इच्छा वेश पालटून स्वप्नात येते. उलट १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मांडलं, की पापण्यांआड डोळे भिरभिरतात त्या रेम झोपेत मेंदूच्या तळाकडून आपोआप संकेत उठतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतो.

मला दुसरं पटतं, पण अर्धंच. आई गेल्यापासून एकच स्वप्न पडतं. दादरला लोकल सुटते, आई डब्यात, मी फलाटावर, आणि पाय उचलत नाहीत. रेम झोपेत हातापायांचे स्नायू खरंच लुळे पडतात, त्यामुळे पायांचं कोडं कदाचित सुटतं. डब्यात आईच का, याला मात्र मला आजीचीच म्हण जवळची वाटते.